साखर तोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही

‘पेशींना कर्बोदकं नकोच असतात’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मला आला तेव्हा अर्धा वाचून पुसून टाकला. मग तो आत्याकडे पोचला. तिची केमो चालू आहे. जेमतेम चार घास जात होते, तेही तिनं सोडले. ‘अगं, गाठीला खाऊ घालणं बंद केलंय मी,’ म्हणाली. तेव्हा सगळ्यात घातक मुद्दाच आधी घेते.

मेसेज म्हणतो: कर्करोगाच्या पेशी फक्त साखरेवर जगतात, साखर आणि पिष्ट तोडा, गाठ उपाशी मरेल, आणि हे सिद्ध केलं म्हणून ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांना 1931 चं नोबेल मिळालं.

माणूस खरा, साल खरं, मधलं सगळं रचलेलं. नोबेलच्या संकेतस्थळावर प्रशस्ती आजही वाचता येते. पारितोषिक आहे श्वसन-विकराचं (विकर म्हणजे एन्झाइम) स्वरूप आणि कार्यपद्धती शोधल्याबद्दल, म्हणजे पेशी प्राणवायू कसा वापरते त्याबद्दल. त्या ओळीत कर्करोग नाही, आहार तर नाहीच नाही.

आता अर्धसत्य. ते मान्य करावंच लागतं. गाठीच्या पेशी भरमसाट ग्लुकोज ओढतात, हे वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात खरंच पाहिलं होतं. एरवी पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, तिथे निव्वळ 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. ते तुकडे तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत) पूर्ण जळले की एकूण 30 ते 32. गाठीच्या पेशी बरंचसं ग्लुकोज पहिल्याच टप्प्यावर थांबवतात, म्हणून त्यांना जास्त लागतं. पेट स्कॅन याच खोडीवर चालतो: ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचला की गाठ उजळते. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लखलखीत दिसतो. त्यालाही उपाशी मारायचं का?

आणि ताटातली साखर गेली म्हणून रक्तातली जात नाही. यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, असतं. उपाशी राहिलं तर ते साधारण एका दिवसात संपतं. मग यकृत नवं ग्लुकोज घडवायला घेतं, मुख्यतः स्नायूंमधली प्रथिनं मोडून. ते ग्लुकोज रक्तातून गाठीपर्यंतही जातंच. शिवाय बऱ्याच गाठी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर आणि मेदावरही भागवतात. म्हणजे झिजतात ते रुग्णाचे स्नायू, तेही केमोच्या काळात, जेव्हा डॉक्टर वजन टिकवा म्हणून कानीकपाळी ओरडत असतात.

दुसरा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. म्हणे झाडं थेट सूर्यप्रकाशावर चालतात, साखर जाळणं ही प्राण्यांनाच लागलेली सवय! मग मातीखालच्या मुळांना ऊन कोण पोचवतं? पानं दिवसा साखर बनवतात, काही रसवाहिन्यांतून खाली धाडतात, काही पिष्ट करून ठेवतात आणि रात्री तेच मोडून वापरतात. वनस्पतींच्या पेशींत तंतुकणिका असतात आणि तिथलं काम आपल्यासारखंच चालतं. खात्री करायची तर मोड येत असलेलं बी थर्मासमध्ये भरा, तापमापी खोचा, तोंडाला कापसाचा बोळा लावा. शेजारी दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेलं बी ठेवा, जंतुनाशकात बुडवून, नाहीतर कुजवणारे जंतूच ते तापवतील. एक-दोन दिवसांत पहिल्यातला पारा चढलेला दिसतो. अंधारात, एकही हिरवं पान नसताना. ती ऊब बियातला साठा जळल्याची.

तिसरा: ‘शरीराला कर्बोदकांची गरज शून्य.’ आहारातून मिळालीच पाहिजेत अशी काही अमिनो आम्लं आणि मेदाम्लं आहेत, तसं एकही कर्बोदक नाही, हे बरोबर. पण ते का, तर यकृत घरीच ग्लुकोज बनवतं म्हणून. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिकाच नसतात, त्यांना ग्लुकोजवाचून गत्यंतर नाही. मेंदू एरवी दिवसाला सुमारे 120 ग्रॅम खातो. बरेच दिवस उपास घडला तर तो कीटोनवर (यकृत मेदापासून बनवतं त्या इंधनावर) बराच भार टाकतो, तरी सगळा नाही. काही अपस्मारांत (फिट्सच्या आजारांत) डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्बोदकं फार कमी करतात, तो उपचार वेगळा.

राहिलं ‘सगळी कर्बोदकं रक्तात गेली की साखरच’. सेल्युलोजही ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं. ते तोडणारं विकर आपल्याकडे नाही, त्यामुळे ते साखर बनून रक्तात जातच नाही.