मावशी, तो कॅरमचा डबा खाली ठेव

परवा सकाळी मावशीच्या ओट्यावर बोरिक पावडरचा डबा दिसला. मला वाटलं, झुरळं झाली असतील. पण शेजारी कोमट पाण्याचा स्टीलचा पेला होता, त्यात चमचा, आणि बुडाशी पांढरा साका. "पाव चमचाच हाय की रे," मावशी म्हणाली. "मोबाईलवर आलंय. हिऱ्यातलं औषध."

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. थोडक्यात असा: जपानी शास्त्रज्ञांना एक्स-रेमध्ये निळ्या हिऱ्यातली 'प्राणऊर्जा' दिसली, बोरॉनमुळे त्यातून वीज विनाअडथळा वाहते, तो खडा बोटात घातला की सांधेदुखी जाते, हिरा परवडत नसेल तर रोज चिमूटभर बोरिक पावडर घ्या, आणि हिऱ्याच्या पुडीचं कार्ड मीटरला चिकटवा, लाईटबिल निम्मं.

आधी पावडर. हिऱ्यातलं बोरॉन हे मूलद्रव्य आणि डब्यातलं बोरिक अ‍ॅसिड यांचं नातं म्हणजे नुसतं आडनाव सारखं. कॅरमच्या सोंगट्या घसराव्यात आणि झुरळं मरावीत म्हणून आपण जी पावडर टाकतो, तीच ही. पोटात गेली की उलट्या, जुलाब, अंगावर लाल चट्टे. जास्त गेली तर मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलं दगावलेली आहेत. ती लघवीवाटे बाहेर पडते, पण सावकाश, म्हणजे रोजचा पाव चमचा कालच्या शिल्लकीवर जाऊन बसतो. आणि मावशीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची रक्तातली खूण, आधीच वाढलेलं! चार दिवस घेतलंन, मळमळायला लागलं, तर मेसेजमध्ये लिहिलेलं, "सुरुवातीला मळमळ होते, विष बाहेर पडत असते." विष बाहेर नाही, आत चाललंय. हे लिहिणाऱ्याला समोर बसवून पेला पाजावा असं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडे कुणी घेतलं असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा, डबा सोबत न्या. बोरॉनच हवं असेल तर शेंगदाण्यात, द्राक्षांत थोडं असतंच. शेंगाचटणी खा.

आता जपानी एक्स-रे. असा अभ्यास खरोखर झालाय, एवढं मान्य करावं लागतं. पण हे हाडाचा फोटो काढायचं प्रकरण नव्हे. २००५ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात योकोया आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. जपानच्या स्प्रिंग-८ या केंद्रात प्रकाशाच्या वेगाजवळ पळणारे इलेक्ट्रॉन वळवून एक्स-रे तयार करतात. ते बोरॉन घातलेल्या हिऱ्याच्या थरावर पाडायचे आणि बाहेर उडालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजायचा. त्यावरून हिऱ्याच्या आत त्या इलेक्ट्रॉनची चाल काय होती ते कळतं.

प्रश्न साधा होता. शुद्ध हिरा म्हणजे आषाढीतली पंढरपूर एसटी, इलेक्ट्रॉन म्हणजे प्रवासी: प्रत्येक सीट भरलेली, कुणी हलूच शकत नाही, म्हणून वीज वाहत नाही. वरचा रिकामा मजला ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायचं माप) उंच, तिथे चढायची कुणाची ताकद नाही. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी, त्यामुळे सीटा रिकाम्या होतात आणि सरकासरकी सुरू होते. मग ही सरकासरकी हिऱ्याच्या स्वतःच्या पट्ट्यात, म्हणजे त्याच्या मूळच्या सीटांच्या रांगांत होते, की बोरॉनने टाकलेल्या वेगळ्या फळकुटावर? एक्स-रेने उत्तर दिलं: पट्टे हिऱ्याचेच, फक्त वरच्या टोकाला जागा मोकळ्या झालेल्या. बस्स. प्राण नाही, ऊर्जा नाही, मोकळ्या जागा.

'विनाअडथळा' हेही अर्धं खरं. २००४ मध्ये एकिमोव आणि सहकाऱ्यांनी रशियात सुमारे एक लाख वातावरणांच्या दाबाखाली असा हिरा बनवला. तो अतिवाहक होतो, म्हणजे वीज जराही अडथळ्याशिवाय वाहू देतो, पण ४ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंशाला. पुढे पातळ थरांत हे दहा-अकरा केल्विनपर्यंत गेलं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ वर. तीनशे अंशांचा फरक अंगठीत कुठून आणणार? शिवाय त्यात शेकडा तीनच्या आसपास बोरॉन होतं, आणि असा हिरा निळा नसतो, काळा असतो. निळ्या हिऱ्यात बोरॉन दहा लाखांत एखादा अणू, असल्या हिशेबात. गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला तो प्रसिद्ध होप हिरा त्यातलाच. त्यातून वीज थोडीफार वाहते, पण अडथळ्यासकट.

सांधेदुखीचं एका ओळीत: शरीरातली 'वीज' म्हणजे पेशीच्या पडद्यातून ये-जा करणारे सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, बोटातल्या खड्याला त्यात प्रवेश नाही.

राहिलं कार्ड. सोलापूरच्या पूर्व भागात मामांचे टॉवेलचे सहा माग आहेत. त्यांचा फोन आला, "बिल अर्धं होतंय म्हणं, सहा घ्यावेत का?" मामा, मीटर मोजतो ती मोटरने ओढलेली वीज. धोटा इकडून तिकडे फेकायला जेवढी लागते तेवढी लागणारच, बाहेरून काय चिकटवलंय हे मीटरला कळतसुद्धा नाही. उद्या घरातल्या सगळ्या तारा अतिवाहक केल्या तरी बिलातला किरकोळ हिस्साच वाचेल. एक कार्ड तुम्ही आधीच मागवलंय असं मामी म्हणत होत्या. पैसे कुरिअरवाल्याला द्यायचेत ना? मग घेऊच नका, दारातूनच परत पाठवा.