पाय मोडला तेव्हा पार्टनर कुठे गेला?

भावाच्या पायात रॉड घातलाय. डिलिव्हरी देऊन परत फिरताना त्याची गाडी घसरली. तेव्हापासून दोन महिने मी एकाच वाक्याशी भांडतेय: "तुम्ही कर्मचारी नाही, डिलिव्हरी पार्टनर आहात." कंपनीच्या चॅटवर तेच, मेलवर तेच, विम्याच्या नकारातही फिरून फिरून तेच. काही न विचारता तिसऱ्यांदा तक्रारीचं तिकीट बंद केलं, तेव्हा फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

पार्टनर म्हणजे भागीदार ना? मग नफ्यातला कुठला भाग माझ्या भावाला मिळाला? दर कंपनीने ठरवायचे आणि रातोरात बदलायचे. ऑर्डर कुणाला द्यायची ते ॲप ठरवणार. दोन-चार नाकारल्या की रेटिंग खाली, आणि मनात आलं की आयडी ब्लॉक, कारणसुद्धा सांगायचं नाही. मालकाचे सगळे अधिकार त्यांच्याकडे आहेत. जबाबदारी तेवढी नको.

संताप याचा येतो की हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटला होता. जर्मनीत १८८४ साली कामगारांसाठी अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये १८९७ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला, भारतात १९२३ साली. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई द्यायची. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत कामगाराने कोर्टाचे उंबरे झिजवायचे नाहीत. ज्याच्या धंद्यासाठी माणूस राबतो, त्यानेच त्या राबण्यातला धोका उचलायचा. किती साधी, किती न्याय्य गोष्ट आहे! पण ती लागू व्हायला आधी 'कर्मचारी' ठरावं लागतं, आणि भावाचं प्रकरण तिथेच अडकलंय. पाय कसा मोडला, किती महिने काम बंद, इथपर्यंत कुणी येतच नाही.

विमा होता, हो. पण फक्त ऑर्डर चालू असताना! याची ऑर्डर देऊन झाली होती आणि पुढची यायची होती. मग मधल्या वेळात तो काय हवा खायला निघाला होता? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या खटल्यात नेमका हाच मुद्दा निकालात काढला. ड्रायव्हर आपल्या परवान्याच्या हद्दीत ॲप चालू करून ट्रिप घ्यायला तयार असेल, तर तो वेळ कामाचाच. करारातल्या शब्दांवर जाऊ नका, प्रत्यक्षात ताबा कुणाचा आहे ते बघा, असंही न्यायाधीशांनी सुनावलं. उलट कॅलिफोर्नियात याच लोकांना कर्मचारी धरणारा कायदा २०२० मध्ये लागू झाला, तर त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपन्यांनी वीस कोटी डॉलरहून जास्त पैसा प्रचारात ओतून थेट जनतेच्या मतदानातून त्या कायद्यापासून स्वतःची सुटका करून घेतली. एवढा पैसा होता तर जखमींना द्यायला काय झालं होतं?

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कायद्यात 'गिग कामगार' (माझ्या भावासारखे ॲपवरून सुटी कामं घेणारे) हा शब्द आला म्हणून मला खरंच बरं वाटलं होतं. मग व्याख्या वाचली: मालक-कर्मचारी या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा. म्हणजे कंपनी जे चॅटवर सांगते तेच कायद्यात छापून आलं! कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के या कामगारांसाठीच्या निधीत भरायचे, आणि त्यातून सरकार अपघात विम्याची योजना आखू 'शकतं'. आखू शकतं! हक्क असता तर बजावून मागता आला असता. योजनेची नुसती वाट बघायची.

युरोपियन युनियनने २०२४ मध्ये निर्देश काढलाय: कंपनीचं नियंत्रण दिसलं की नातं नोकरीचंच धरायचं, आणि तसं नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. तो आपापल्या कायद्यात उतरवायला सदस्य देशांना २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. मला एवढंच हवंय. अहो, लॉगइन कधी केलं, गाडी कुठे होती, कुठे थांबली, मिनिटामिनिटाची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर पडलीय. आणि पुरावे गोळा करतोय आम्ही, भावाच्या फोनमधले जुने स्क्रीनशॉट शोधून शोधून, कारण अपघातानंतर आयडी बंद केल्यामुळे त्याचं ॲपच उघडत नाही.