‘खालून पाणी मारलं तर गाडी सडेलच’ – वास्कोच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर उत्तर देतो. पावसाळ्यात गाडी खालूनही धुवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तसं सांगणं म्हणजे गंजाला आवतण. तुमचे वडील दर मे महिन्यात जीपला खालून जळकं ऑइल मारायचे आणि गोव्यात बायण्यासारख्या समुद्रकाठच्या ठिकाणी ती जीप पिढीभर टिकली. हल्ली तर पत्रा झिंक लावूनच येतो, मग मी लोकांना उगाच घाबरवतो. आणि शोरूमचं अँटी-रस्ट कोटिंग डोळे मिटून करू नका, असं मी लिहिल्यामुळे तुम्ही ते केलं नाहीत. आता मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आलाय.

आधी पाण्याचं. पाण्याने गंज चढतो हे खरंच आहे. पण आपल्या किनाऱ्यावर गाडी कोरडी असते कधी? समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पत्र्यावर बसतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे एप्रिलच्या भर दुपारी, अंगण तापलेलं असतानाही, तुमच्या गाडीच्या पोटाखाली खारी ओल असते. ती फडक्याने जात नाही की वाऱ्याने सुकत नाही. गोड्या पाण्याने मीठ विरघळवून खाली पाडलं तरच जातं. पाऊस हे काम टपावर आणि बॉनेटवर फुकट करतो. मडगार्डच्या आतली दुमड, दारांखालची पोकळ पट्टी, मागच्या बंपरच्या आतली बाजू इथे मात्र पाऊस पोचत नाही, चाकांनी उडवलेला तांबडा चिखल तेवढा पोचतो आणि दिवसचे दिवस ओल धरून ठेवतो. तो काढण्यासाठीच पाणी मारायचं. मारल्यावर लगेच कव्हर घालायचं नाही, गाडी थोडी फिरवून आणायची आणि वारा लागेल अशी उभी करायची.

यात एक गोष्ट लोक उलटी समजतात. दिवाडी, चोडण या बेटांवर फेरीबोटीने जाणारे पावसाळ्यात धास्तावतात, पण मांडवी नदीत समुद्राचं खारं पाणी आत चढतं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात पुरामुळे नदी गोडी होते. धक्क्याच्या उतारावर चाकांखाली येणारं मार्च ते मेमधलं पाणी जास्त वाईट. त्याच दिवसांत खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीजवळच्या) विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुवू नका, नळाचं वापरा.

जळक्या ऑइलबद्दल तुमच्या वडिलांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. तेलाचा थर पाण्याला आणि हवेला पत्र्यापर्यंत येऊ देत नाही, म्हणून जीप टिकली. पण इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात, धातूची पूड असते. ते रबरी बुश फुगवतं आणि पहिल्या पावसात ठिबकून अंगणातून विहिरीकडे जातं. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं. तेच काम लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थाचा) किंवा मेणाचा स्प्रे करतो, तोही पोकळ्यांच्या आत शिरून. विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरात जळकं ऑइल मारू नका, हे मी कळकळीने सांगतो.

शिवाय जीपची गोष्ट वेगळी होती. तिची चासी स्वतंत्र, जाड लोखंडाची. आजच्या बहुतेक मोटारींना तशी चासीच नसते. बॉडी हाच सांगाडा, आणि तिचा बराचसा पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटरचा. दाराखालची ती पोकळ पट्टी सडली तर नुसती शोभा जात नाही, धडकेत तुम्हाला वाचवणारा भाग कमजोर होतो. झिंक असतं, बरोबर. लोखंडाआधी ते स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. पण तो थर साधारण सात ते दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. खाऱ्या ओलीत तो संपत जातो, आणि सगळ्यात आधी संपतो वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि कापलेल्या कडांना.

आता कोटिंग. मी त्याच्या विरोधात नाही. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर नीट मारलेलं कोटिंग दगडांच्या माऱ्यापासून वाचवतं. विरोध आहे तो वापरलेल्या गाडीला वरवर पाणी मारून तासाभरात काळा थर चढवून देण्याला. फोंड्याजवळच्या एका टिंकरने, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने, मला अशी गाडी लिफ्टवर दाखवली. वरून कोटिंग अगदी अखंड. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक कडेला घातलं तर हातभर पापुद्रा सोलून आला, आत ओला तांबडा चिखल, आणि पत्रा खारीच्या बिस्किटासारखा थरांथरांनी सुटत होता. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंसुद्धा त्या कोटिंगने बुजली होती. त्याने माडाच्या खराट्याची एक हीर भोकात घातली, आणि गाडी सकाळपासून उन्हात असूनही दारातून गढूळ पाणी गळायला लागलं. काचेच्या रबरातून आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला तेवढीच वाट असते. ही भोकं प्रत्येकाने आजच तपासावीत, त्याला पैसा लागत नाही.

तुमच्या गाडीचा फोड कोटिंगने थांबला नसता. कमानीच्या आतल्या दुमडीत चिखल साचतो, गंज आतून बाहेर येतो, आणि रंग फुगतो तेव्हा पत्रा आधीच खाल्लेला असतो. हाताच्या मुठीने नव्हे, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तिथे हलके ठोका. आवाज खणखणीत आला तर वरचा रंग घासून, गंज उजळ धातूपर्यंत काढून, झिंकयुक्त प्रायमर आणि मग रंग. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायला सांगा. टिंकर वरून पुट्टी भरून देतो म्हणाला तर गाडी परत आणा. पुट्टी ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात फोड दुप्पट होतो. नवा तुकडा बसवल्यावर आतल्या बाजूने मेणाचा स्प्रे मारला की नाही, हे तिथे उभं राहून बघा. हे काम जूनच्या आधी उरकून घ्या, कारण पाऊस लागल्यावर ओल्या हवेत मारलेला प्रायमर धरत नाही.