डाव्या पायाचे बूट आणि सोह्यो

१ मे जवळ आला की घरच्या ग्रुपवर कुणीतरी काका हे टाकतातच: ‘जपानी कामगार कधी संप करत नाहीत. नाराज झाले की काळी फीत लावून जास्त काम करतात. एका कारखान्यात तर नुसते डाव्या पायाचे बूट बनवले!’

कधी संप करत नाहीत? जपानच्या श्रम मंत्रालयाची आकडेवारी काढा. एकट्या १९७४ साली अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त चाललेले संप ५ हजारांवर होते. तेलाचे भाव भडकलेले, आणि त्या वसंतात सरासरी ३२.९ टक्के पगारवाढ पदरात पडली. ही वसंतातली लढाई, ‘शुन्तो’, १९५५ पासून बसवली ती सोह्यो या कामगार युनियनांच्या महासंघाने. तिथे युनियन कंपनीपुरती असते. एकटीने संप केला तर गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीकडे जातं. म्हणून सगळ्यांनी एकाच हंगामात मागण्या लावायच्या. सोह्यो १९५० मध्ये उभी राहिली ती कम्युनिस्टांना शह म्हणून, तेव्हा जपानवर ताबा असलेल्या अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या आशीर्वादाने. वर्षभरात ती अमेरिकेच्याच धोरणांवर उलटली, हे वेगळं.

बुटांच्या गोष्टीला ना गाव, ना साल, ना कंपनी. बूट ज्या साच्यांवर चढवतात ते डावे-उजवे जोडीने असतात. नुसते डावे करायचे तर निम्मे साचे रिकामे. यात जास्त काम कुठून आलं?

आणि हा ‘जास्त काम’ प्रकार तर धादांत उलटा आहे. सरकारी रेल्वेत संपाला कायद्याने बंदी होती, म्हणून सोह्योच्या रेल्वे युनियन ‘नियमानुसार काम’ करत. सुरक्षेचा प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा. गाड्या आपोआप रखडतात. मार्च १९७३ मध्ये आगेओ स्टेशनवर वैतागलेल्या प्रवाशांनी दंगल केली, ती यातूनच. नोव्हेंबर १९७५ मध्ये तर संपाचा हक्क मिळावा म्हणूनच ८ दिवस रेल्वे बंद ठेवली. हक्क मिळाला नाहीच, उलट रेल्वेने युनियनवर २,०२० कोटी येनचा दावा ठोकला. मिइके कोळसा खाणीतला १९६० चा लढा जवळपास वर्षभर चालला, तोही हरले.

फितीचं अर्धसत्य मात्र मान्य. कामावर रिबन लावून निषेध करतात. पण मालकांना त्याचं कौतुक नव्हतं: ओकुरा हॉटेलच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही बेकायदा ठरवलं.

आज संप फार कमी होतात, हेही खरं. १९८७ मध्ये रेल्वेचं खासगीकरण झालं, १९८९ मध्ये सोह्यो विसर्जित होऊन ‘रेन्गो’ या नव्या महासंघात गेली. तरी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तोक्योतलं सेइबू इकेबुकुरो हे अवाढव्य दुकान संपामुळे दिवसभर बंद होतं.