पिकअपच्या चासीवर डिझेल मारू नका

‘शोरूमसारखी पिकअप, घरच्या घरी, वीस रुपयांत’ हा मेसेज आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्याच्या मोबाइलवर येऊन गेलाय. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला गाडी खाली व्हायची वाट बघत उभा होतो, तेव्हा एकाच सकाळी तिघांनी मला तो पाठवला. मजकूर थोडक्यात असा: कपड्यांची पावडर वापरा, शाम्पू म्हणजे पैशांची नासाडी. भर उन्हात धुवा, गाडी लगेच वाळते. इंजिन प्रेशरच्या पाण्यानं साफ करा. खालून चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) आणि पाट्यांना (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना) डिझेल फवारा, गंज जन्मात धरणार नाही. रेडियमच्या पट्ट्या आणि नंबरप्लेट रॉकेलनं घासा, डॅशबोर्डला आणि टायरला खोबरेल लावा. हौदा काय, मालाची जागा, पाण्याचा एक फवारा मारला की झालं.

गाडी घरी धुवावी हे मला शंभर टक्के मान्य आहे. आमची बोलेरो पिकअप आम्ही घरीच धुतो. पण मेसेजमधल्या बाकीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीनं गाडीचं नुकसान होतं, आणि डिझेलच्या ओळीनं तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

डिझेल मारल्यावर चासी काळीभोर, ओली, नवी दिसते. त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो. तेलाचा थर पाण्याला अडवतो हेही खरं, पण डिझेल हलकं तेल आहे, त्याचा थर टिकत नाही. दोन दिवस कच्च्या रस्त्यानं गाडी फिरली की त्यावर धूळ बसते आणि तिचा लगदा होतो. पावसात हा लगदा पाणी धरून ठेवतो. जिथं कोरडं राहायला हवं तिथंच ओल डांबून ठेवल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट, गाडीच्या पत्र्याला डांबर चिकटलं तर आपण ते कशानं काढतो? डिझेलच्या फडक्यानंच ना? मग चासीवर पैसे देऊन मारून घेतलेलं काळं कोटिंग बहुतेक वेळा डांबराच्याच जातीचं असतं, ते डिझेलनं टिकेल कसं? दर पंधरा दिवसांनी फवारणी म्हणजे आपलंच कोटिंग आपल्या हातानं विरघळवणं. पाट्यांचे रबरी बुश (जोडाच्या जागी बसवलेली रबरी नळकांडी), शॉकअपची रबरं, ब्रेकचे होज यांचंही तसंच. डिझेल पिऊन रबर फुगतं, मऊ पडतं. बुश बसला की मागून खडखड सुरू होते आणि मग आपण रस्त्यांना शिव्या देतो.

आता ब्रेकचं सांगतो, कारण हे आमच्या घरात घडलंय. माझा चुलत भाऊ आमच्या गाडीला न चुकता डिझेल मारायचा, फवारणीच्या पंपाची नळी चाकांमागेही फिरवायचा. एकदा टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणला निघालो होतो. माळशेज उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ घेऊ लागली. घाटात धुकं, रस्ता ओला, हौद्यात माल. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कसेबसे खाली आलो. पायथ्याच्या गॅरेजवाल्या काकांनी मागचं उजवं चाक खोलून ड्रम काढला आणि लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी ब्रेकची पट्टी, माझ्या हातात दिला. तो काळा, चकचकीत झाला होता. नाकाजवळ नेला तर डिझेलचा वास. काका म्हणाले, “याला आता कितीही घासा, हा पकडणार नाही. तेल आत मुरलंय.” दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. भावानं त्यानंतर पंप डिझेलला कधी लावला नाही.

मग गंजाला काय करायचं? आधी साध्या पाण्यानं चिखल काढायचा. चासीच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या दुमडीत, टाकीच्या वरच्या अंगाला बोट घालून बघा, तिथं मागच्या पावसाळ्याचा चिखल अजून असतो. तो काढून गाडी पूर्ण वाळू द्यायची. जिथं गंज दिसेल तिथं तारेच्या ब्रशनं खरवडून रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर काळा रंग किंवा कोटिंग. पाट्यांच्या शॅकलला (पाटी चासीला जोडणाऱ्या कडीला), मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटमधल्या क्रॉसला ग्रीस. हे काम वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

धुवायला प्रेशर मशीन असेल तर एक काळजी घ्या. गन क्रॉसच्या किंवा चाकाच्या बेअरिंगच्या सीलला टेकवून मारू नका. घरगुती मशीनसुद्धा 100 बारच्या पुढचं प्रेशर देतं. सीलच्या ओठातून पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर पडतं. हातभर लांबून, तिरकं मारा, आणि धुण्यानंतर ग्रीसिंग करा. बरेच जण आधी ग्रीसिंग करून मग धुतात, ते उलटं आहे.

मेसेजमध्ये हौद्याला एक ओळ आहे. मला विचाराल तर धुण्याचा निम्मा वेळ हौद्यालाच द्यायला हवा, कारण पिकअप कुजायला सुरुवात तिथून होते.

टोमॅटोच्या क्रेटखालून जो रस गळतो तो आंबट असतो. नुसतं पाणी मारलं की तो वरून वाहून जातो, पण फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बिजागरीत आणि पत्र्याच्या नागमोडी खाचांत उरतो. रत्नागिरी, हर्णै, मालवणकडं मासळी भरणाऱ्या गाड्यांचं दुखणं याहून मोठं आहे. तिथं बर्फाचं खारट पाणी फटींतून थेट चासीवर ठिबकतं, आणि मिठाच्या ओलीत लोखंड किती लवकर सडतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. खताच्या खेपेचंही तेच. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. एक पोतं फाटलं आणि चार मुठी हौद्याच्या कोपऱ्यात राहिल्या, की हवेतली ओल ओढून ते तिथंच पाझरत राहतं. खत आधी कोरडं झाडून काढायचं, मग पाणी. आधीच पाणी मारलं तर ते विरघळून फटीत उतरतं.

आमच्या हौद्यात रबरी मॅट होती. माल घसरत नाही, पत्रा वाजत नाही म्हणून टाकलेली. तीन वर्षं ती कधी उचलली नाही. उचलली तेव्हा खाली भुसा, वाळलेली टोमॅटोची सालं आणि पापुद्रे धरलेला तांबडा पत्रा. पेचकसाची मूठ आपटली तर एका जागी ठण्ण वाजायच्या ऐवजी बद्द आवाज आला, आणि टोक टेकवलं तर ते आरपार गेलं. वरून मॅट स्वच्छ होती, आम्ही दर आठवड्याला तिला घासत होतो.

म्हणून हौदा धुताना मॅट बाहेर काढा, फाळका पूर्ण पाडा, गाडीचं तोंड चढाला करा म्हणजे पाणी मागं निथळेल. हौद्याच्या कोपऱ्यांतली आणि दरवाजांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. दरवाजांची भोकं फार कुणी बघत नाही. काचेवरून उतरणारं पाणी दरवाजाच्या पोटात जातं आणि त्याच भोकांतून बाहेर पडतं. चिखलानं ती बुजली की दरवाजा आतून सडतो, आणि बाहेर रंगाला फुगा येतो तोवर आतला पत्रा संपलेला असतो.

आता पावडर. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तेलकट मळ काढायला तो चांगला, पण तो अल्कली आहे, शाम्पूसारखा सौम्य नाही. एका धुण्यानं रंग उडत नाही, हे मीही सांगतो. पण दर आठवड्याला तेच केलं की पॉलिशचा थर जातो, रंग खडूसारखा पांढुरका पडतो, काचेची आणि दरवाजाची रबरं कडक होतात, ॲल्युमिनियमचे भाग काळवंडतात. भांड्यांचं लिक्विड त्यापेक्षा बरं, पण तेही वॅक्स काढून टाकतं. शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घातला तर एका बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. बाटली कित्येक महिने जाते. यात लूट कुठली?

साबणापेक्षा फडकं जास्त नुकसान करतं, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपल्या गाड्या शेतातून, बांधावरून येतात. पत्र्यावर वाळू असते. तीच जुन्या बनियनमध्ये अडकवून आपण गोल गोल घासतो. कारखान्यातला रंगाचा सगळा थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो, माणसाचा केस 70च्या आसपास. म्हणजे दोन केसांची जाडी, आणि तिच्यावर आपण वाळू फिरवतो. आधी नुसत्या पाण्यानं माती उतरवा, टपापासून खाली. मग दोन बादल्या घ्या: एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा दुसऱ्या बादलीच्या तळाशी चिमूटभर वाळू दिसेल. ती एरवी रंगावर घासली गेली असती. चाकं आणि खालचा भाग शेवटी, आणि त्याला फडकं वेगळं.

उन्हात धुण्याचं एका वाक्यात सांगता येईल: गाडी लवकर वाळणं हाच तोटा आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. स्टीलच्या ताटलीवर त्याचा एक थेंब उन्हात ठेवा, वाळल्यावर पांढरं कडं राहतं. तसंच प्रत्येक थेंबाचं काचेवर आणि रंगावर होतं, आणि काचेवरच्या त्या डागांनी रात्री समोरच्या गाडीचा लाइट फुटून डोळ्यांवर येतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, पत्रा हाताला गार लागत असताना धुवा आणि कोरड्या मायक्रोफायबरनं पुसून घ्या. पडलेले डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरनं जातात. नंतर साध्या पाण्यानं धुवायला विसरू नका.

इंजिन प्रेशरनं धुण्याचा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, तेव्हापासूनच्या गाड्यांत बॉनेटखाली सेन्सर आणि कनेक्टरांचं जाळं आहे. एका कनेक्टरमध्ये पाणी बसलं की डॅशबोर्डवर लाइट लागतो, गाडी ओढत नाही, आणि बिघाड शोधायलाच दिवस जातो. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड हीही तशीच नाजूक ठिकाणं. गरम इंजिनावर गार पाणी तर कधीच नको. इंजिन गार असताना ब्रश आणि ओलसर फडकं, कोपऱ्यांना हवा, एवढं पुरतं. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला असेल तर हलक्या धारेनं, आतून बाहेर. प्रेशरनं तिच्या पात्या आडव्या पडतात आणि मग हवा जायची थांबते.

रॉकेलबद्दल: मालगाडीच्या रेडियम पट्ट्या शोभेच्या नाहीत. समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. रात्री ऊसाच्या ट्रॉलीमागं किंवा घाटात बंद पडलेली गाडी मागच्याला त्यांच्यामुळंच दिसते. रॉकेलनं आणि तारेच्या घासणीनं पट्टीचा गोंद सुटतो, वरचा थर ओरखडतो, आणि ती उजेड परत फेकेनाशी होते. पासिंगलाही, म्हणजे आरटीओच्या तपासणीलाही अडचण. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तेव्हा पट्ट्या बघतातच. नंबरप्लेटवरच्या होलोग्रामचंही तसंच. दोन्हींना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस.

खोबरेल डॅशबोर्डवर धूळ धरतं. स्टिअरिंगला किंवा पेडलला लागलं तर हात-पाय निसटतो. टायरला नुसतं पाणी आणि ब्रश.

राहता राहिला ओढा. मेसेजबरोबर जो व्हिडिओ फिरतो त्यात गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी आहे आणि मुलगा चासीवर डिझेल मारतोय. त्याच पाण्यावर खाली कुणाची तरी जनावरं येतात, कुणाची तरी विहीर भरते. 1974च्या जलप्रदूषण कायद्यानं ओढ्यात, नदीत, विहिरीत घाण सोडायला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी शेतकऱ्याच्या गाडीनं शेतकऱ्याचंच पाणी नासवावं हे मला सहन होत नाही. पाणी कमीही लागतं. नळी सोडून ठेवली तर मिनिटाला साधारण 10 ते 15 लिटर जातं, अर्ध्या तासात 300 ते 450. बादल्यांनी आणि थांबवून-थांबवून मारलेल्या फवाऱ्यानं आमची अख्खी पिकअप शंभर-सव्वाशे लिटरमध्ये होते, आणि ते पाणी अंगणातल्या नारळाच्या आळ्याजवळून जातं. म्हणून त्यात काय मिसळतो याचा मी दहादा विचार करतो.

धुऊन झालं की मी गाडी रिकामी घेऊन एक-दोन किलोमीटर चक्कर मारतो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक हलका दाबत जातो, म्हणजे ड्रममध्ये गेलेलं पाणी उडून लायनर वाळतात. सुरुवातीला ब्रेक जरा उशिरा लागतो, चौथ्या-पाचव्या वेळेला पकड परत येते. घरी आल्यावर ग्रीस गन घेऊन खाली शिरतो, क्रॉसला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबतो. मग फाळका उघडा ठेवून गाडी चढाला लावतो. मॅट रात्रभर भिंतीला उभी असते, आणि क्रेट सकाळीच चढतात.