मोझेस इटाउमाची आठवी फेरी मला बघायची आहे

शनिवारी, १६ ऑगस्ट २०२५ ला, दिवसभर ठाण्यात पावसात भिजत दहीहंड्या बघितल्या. घरी आल्यावर अंग मोडून आलं होतं, तरी झोपलो नाही, कारण मध्यरात्र उलटल्यावर रियाधहून मोझेस इटाउमा विरुद्ध डिलियन व्हाइट ही बॉक्सिंगची लढत होती. ती दोन मिनिटंसुद्धा चालली नाही. पहिल्याच फेरीत व्हाइट खाली गेला, उठला, पण पाय त्याचे राहिले नव्हते. रेफ्रीने हात हलवून लढत थांबवली.

रविवार सकाळपासून आमच्या ग्रुपवर भांडण पेटलंय. अर्ध्यांचं म्हणणं, हा नवा टायसन, याला उद्याच्या उद्या विश्वविजेत्या उसिकसमोर उभा करा. उरलेल्यांचं म्हणणं, हा फुगवलेला फुगा आहे, म्हाताऱ्यांना मारून मोठा झालाय. दोन्हीकडे माझ्या जिव्हाळ्याची माणसं आहेत आणि दोघांनीही मला विचारलंय, "तू सांग, ओव्हररेटेड आहे की नाही?" ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना हा मुलगा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २८ डिसेंबर २००४, स्लोव्हाकियातल्या केझमारोकचा. आई स्लोव्हाक, वडील नायजेरियाचे. वाढला इंग्लंडमध्ये, केंटमधल्या चॅटमला. २०२२ साली युवा गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं आणि जानेवारी २०२३ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. व्हाइटला धरून १३ लढती, १३ विजय, त्यातले ११ नॉकआउट. हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गटात वीस वर्षांच्या मुलाचे हे आकडे आहेत.

माझं मत आधी सांगतो. मुलगा ओव्हररेटेड नाही. त्याचा व्हाइटवरचा विजय मात्र नक्की ओव्हररेटेड आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ग्रुपवर सगळे त्या एकाच ताटात कालवतायत.

मुलाचं आधी बघू. फुगा म्हणणाऱ्यांनी डेम्सी मॅककीनची लढत पुन्हा लावावी, डिसेंबर २०२४ ची. मॅककीन ऑस्ट्रेलियाचा, उंच, डावखुरा. इटाउमाही डावखुराच, आणि डावखुऱ्याला डावखुरा समोर आला की भल्याभल्यांचं गणित चुकतं, कारण ज्या कोनांची सवय असते ते कोनच मिळत नाहीत. त्याआधी २०२३ मध्ये फिलिप हर्गोविचला याच मॅककीनला संपवायला बाराव्या फेरीपर्यंत झगडावं लागलं होतं. इटाउमाने पहिल्या फेरीत, दोन मिनिटांच्या आत संपवला. आणि नुसता घुसून, आंधळे हात फेकून नाही. त्याचे पाय बघा. एवढ्या वजनाची माणसं सहसा आधी पाय रोवतात, मग मारतात. हा चालता चालता मारतो, मारून कोनात सरकतो, आणि समोरचा वळेपर्यंत पुढचा ठोसा निघालेला असतो. वेग आणि तोल हेवीवेटमध्ये एकत्र फार क्वचित दिसतात. हे शिकवून येत नाही असं मी म्हणणार नाही, पण विसाव्या वर्षी इतकं मुरलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता विजयाचं. काल सगळीकडे एकच हिशेब फिरतोय: व्हाइटला हरवायला जोशुआला सात फेऱ्या लागल्या, पोवेत्किनला पाच, फ्युरीला सहा, आणि इटाउमाला दोन मिनिटंही नाही. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण जोशुआसमोरचा व्हाइट २०१५ चा होता, पोवेत्किनसमोरचा २०२० चा, फ्युरीसमोरचा २०२२ चा. शनिवारी रिंगमध्ये उभा होता तो ३७ वर्षांचा, अंगावर इतक्या वर्षांचा मार साठलेला माणूस. नाव तेच, शरीर ते नाही. मारियुश वाखचंही तसंच. २०१२ मध्ये हॅम्बुर्गला तेव्हाच्या विश्वविजेत्या व्लादिमिर क्लिचकोने या माणसाला बारा फेऱ्या बडवलं, तरी तो उभा राहिला होता. इटाउमाने त्याला जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीत संपवला तेव्हा वाख ४४ वर्षांचा होता. मे महिन्यात इटाउमाने हरवलेला माइक बलोगुन अपराजित होता खरा, पण चाळिशी ओलांडलेला.

आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीचा फड लागतो तेव्हा पंच दोन पैलवानांना शेजारी उभं करतात, वजन, वय, अंगकाठी बघतात, आणि मगच जोड ठरते. जोड बरोबरीची नसेल तर बांधावर बसलेली माणसं गप्प बसत नाहीत. "जोड बसत नाय" म्हणून तिथल्या तिथे ओरडतात आणि बऱ्याचदा कुस्ती मोडतेसुद्धा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जोड लावणारा माणूस प्रमोटरच्या पगारावर असतो. त्याचं कामच हे की आपला पोरगा जिंकला पाहिजे, शिवाय समोरच्याचं नाव पोस्टरवर भारदस्त दिसलं पाहिजे. ही काही चोरी नाही. कोवळ्या बॉक्सरला असंच वाढवतात आणि तेच शहाणपणाचं आहे. फक्त बांधावर बसलेल्या आपण तरी जोड बघायला विसरू नये.

सकाळी मी माझ्या जुन्या सरांना फोन केला. कॉलेजात असताना मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली बॉक्सिंग केलं. ते आता सत्तरीत आहेत, रात्री जागत नाहीत, म्हणून लढत कशी झाली ते मीच सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तोंड उघडं पडलं होतं का त्याचं?" मी म्हटलं, "सर, दोन मिनिटांत तोंड कशाला उघडं पडेल?" ते म्हणाले, "मग मला काय सांगतोस? अजून काही झालंच नाही."

तो दमला होता का, हा त्यांचा प्रश्न मला लगेच कळला, कारण तो माझ्या अंगावर घडलेला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझ्या पहिल्या दोन्ही लढती पहिल्याच फेरीत संपल्या होत्या. तिसरीत समोरच्या मुलाने पहिली फेरीभर दोन्ही हात गालाला लावून माझा मार नुसता अंगावर घेतला. दुसऱ्या फेरीत माझे खांदे दगडासारखे झाले. तिसऱ्या फेरीत हात वर धरायलाही जमेना, आणि त्या मुलाने मला शांतपणे, एकेक करून मोजून मारलं. मी गुणांवर हरलो. तोवर माझी ताकद मला माहीत होती. दमलेला असताना मी कोण असतो हे माहीत नव्हतं. आमची तर तीन फेऱ्यांची गोष्ट. विश्वविजेतेपदाच्या लढतीत बारा असतात.

इटाउमा आजवर सहा फेऱ्यांच्या पलीकडे गेलेला नाही. दोनदा सहा फेऱ्या पूर्ण खेळून गुणांवर जिंकला, बाकी सगळं त्याआधीच आटोपलं. म्हणजे सातव्या फेरीत तो कसा दिसतो, नाकातून रक्त येत असताना काय करतो, त्याचा सगळ्यात चांगला ठोसा खाऊनही समोरचा पुढे येत राहिला तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, यातलं काहीही कुणाला ठाऊक नाही. त्याच्या प्रशिक्षकालाही सरावापुरतंच ठाऊक असणार.

यात पुढे काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक एडगर बर्लांगा, सुपर मिडलवेट या हलक्या गटातला. पहिल्या सोळाच्या सोळा लढती पहिल्या फेरीत नॉकआउट! तेव्हाही लोकांनी त्याला असंच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. २०२१ मध्ये डेमंड निकल्सनने त्याला पहिल्यांदा पूर्ण आठ फेऱ्या खेळायला लावल्या. त्यानंतरच्या लढती एकामागून एक गुणांपर्यंत जाऊ लागल्या, त्यातल्या एकीत तर नवव्या फेरीत तोच खाली गेला. पुढे नामवंत कनेलो अल्वारेझकडून हरला आणि गेल्याच महिन्यात हमझा शीराझने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. वाईट बॉक्सर नाही तो. पण सोळा लढतींत त्याला जे कळायला हवं होतं ते कळलंच नाही.

दुसरं उदाहरण खुद्द टायसनचं, ज्याचं नाव सगळे काल उठता बसता घेतायत. टायसनच्या पहिल्या १९ लढती नॉकआउट. विसावी ३ मे १९८६ ला जेम्स टिलिसशी. टिलिस दहा फेऱ्या टिकला आणि टायसनला गुणांवर जिंकावं लागलं. त्याच महिन्यात मिच ग्रीननेही त्याला दहा फेऱ्या खेळवलं. बर्बिकला हरवून तो हेवीवेटचा सगळ्यात तरुण, २० वर्षांचा विश्वविजेता झाला तो त्यानंतर, २२ नोव्हेंबरला, आणि ती त्याची अठ्ठाविसावी लढत होती. पावणेदोन वर्षांत २८ लढती! इटाउमाच्या अडीच वर्षांत १३. टायसनचं ते विक्रमी वय तर इटाउमाने मे महिन्यातच ओलांडलं. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण आता त्या तारखेसाठी कुणी त्याला घाईने ढकलणार नाही.

आपल्याला हे सगळं नवं वाटायला नको. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मी होतो. विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. चीनशी डोकलामच्या सीमातंट्याचे दिवस होते, लोकांचा आवाज छताला लागत होता, मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. विजेंदर दहा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला, पण लढत अटीतटीची झाली होती आणि त्या रात्री ते मान्य करायची माझी तयारी नव्हती. पुढे १२ विजय, शून्य पराभव असा झालेला आकडा आम्ही मिरवत राहिलो. मग मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, आर्तिश लोप्सान नावाच्या उंच रशियन पोराने पाचव्या फेरीत त्याला थांबवलं. विजेंदरचं बीजिंगचं ऑलिंपिक पदक खरं आहे, देशासाठी त्याने उघडलेलं दार खरं आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्या १२ मध्ये कोण कोण होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. आणि हरल्यावर सगळ्यात खालच्या भाषेत बोलले ते आदल्या दिवसापर्यंत डोक्यावर घेऊन नाचणारेच.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. इंग्लंडचा हेवीवेट डॅनियल डुबॉइस, त्याचं काय झालं आठवा. २०२० मध्ये जो जॉइसच्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, त्याच्या डोळ्याभोवतालचं हाड मोडलं, दहाव्या फेरीत तो गुडघ्यावर बसला आणि त्याने लढत सोडली. २३ वर्षांचा होता. त्याला पळपुटा ठरवणाऱ्यांत माजी बॉक्सरही होते. त्याच डुबॉइसने चार वर्षांनी वेम्बलीत जोशुआला पाचव्या फेरीत झोपवला. गेल्या महिन्यात उसिककडून हरल्यावर पुन्हा तेच सुरू झालंय. आज इटाउमाला देव करणारे उद्या त्याच्याशी याहून वेगळं वागतील असं मला वाटत नाही.

उसिकशी लढवा म्हणणाऱ्यांना म्हणून हात जोडून सांगतो, थांबा. उसिक ३८ वर्षांचा असला तरी तो वाख किंवा व्हाइटसारखा झिजलेला नाही. महिन्यापूर्वीच त्याने डुबॉइसला पाच फेऱ्यांत गुंडाळून विश्वविजेतेपदाचे सगळे पट्टे पुन्हा एकत्र केले. समोरच्याला आधी वाचायचा, मग दमवायचा आणि मग मारायचा, ही त्याची रीत आहे. जो मुलगा सातव्या फेरीत कधी गेलेलाच नाही, त्याला पहिल्यांदा तिथे उसिकने न्यावं असं त्याच्या खऱ्या चाहत्याला तरी वाटू नये.

मला विचाराल तर पुढची जोड जर्मेन फ्रँकलिनसारख्याशी लागावी. नाव मोठं नाही, पोस्टरवर शोभणार नाही. पण फ्रँकलिन व्हाइटशी बारा फेऱ्या खेळला, जोशुआशी बारा फेऱ्या खेळला, दोन्हीकडे हरला आणि दोन्हीकडे शेवटपर्यंत उभा होता. वयानेही तो अजून तिशीच्या सुरुवातीला आहे. अशा माणसासमोर इटाउमाने दोन मिनिटांत काम उरकलं तर मी इथेच येऊन लिहीन की माझी शंका चुकली. आणि लढत आठव्या फेरीत गेली तर सरांना झोपेतून उठवून फोन लावणार आहे.