शेजाऱ्यांना विचारून कोण स्वतंत्र झालंय?

आज संध्याकाळी पश्चिम आशियावरच्या एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते अभ्यासू. दीड तास बोलले. तेल, इराण, इस्रायल, सीरिया सगळं आलं. चार देशांत विभागल्या गेलेल्या कुर्दांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य. त्यांना देश हवाय, पण तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया चौघांचाही विरोध असल्यामुळे तो विषय व्यवहार्य नाही. झालं, पुढचा मुद्दा. आणि सभागृहात माना हलल्या. अनोळखी लोकांच्या नाही, आपल्याच लोकांच्या. पॅलेस्टाईनसाठी सह्या करणाऱ्या, मोर्च्यात माझ्या शेजारी उभं राहणाऱ्या. घरी येऊन जेवले, भांडी आवरली, तरी डोकं शांत होत नाहीये. म्हणून लिहितेय.

अहो, विरोध असणारच ना! चौघांच्याही हद्दीत कुर्दांची गावं आहेत, डोंगर आहेत, किर्कुकसारखी तेलाची जमीन आहे. वाटणी मागणाऱ्या भावाला ‘आधी बाकीच्या तिघांच्या सह्या आण’ म्हणून सांगायचं आणि सह्या मिळाल्या नाहीत की तुझी मागणीच चुकीची म्हणायचं, हा कुठला न्याय? ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याची नाराजी हा युक्तिवाद होऊच शकत नाही. पोर्तुगालचा विरोध होता म्हणून गोवा सोडून दिला का आपण?

2017 साली आमच्या वरच्या खोलीत एक मुलगा भाड्याने राहायचा. इराकच्या कुर्द भागातल्या सुलेमानिया शहराचा, इथे एमएस्सी करत होता. पुण्यात तेव्हा इराकी विद्यार्थी बरेच असायचे. पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याने निमूट ‘इराक’ लिहिलं होतं, पण तोंडाने कधी इराकी म्हणवून घेतलं नाही. 25 सप्टेंबरला तिकडे, इराकमधल्या कुर्दांच्या स्वायत्त भागात, स्वतंत्र व्हायचं का यावर सार्वमत झालं. आमच्याकडे नवरात्र चालू होतं, घरात घट बसलेले. दोन दिवसांनी निकाल लागला. 72 टक्के मतदान आणि त्यातले जवळजवळ 93 टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. हा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो पेढे घेऊन आला आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर गेला. तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘पास झालास का रे?’ तो म्हणाला, ‘हो काका, आम्ही सगळे पास झालो.’

मग काय झालं ते ऐका. मतदानाच्या आधीच तुर्कस्तान, इराण आणि इराकच्या परराष्ट्रमंत्र्यांनी न्यूयॉर्कमध्ये भेटून संयुक्त इशारा दिला होता. एरवी हे तिघे एकमेकांवर डोळे वटारून असतात, पण कुर्दांचं नाव निघालं की लगेच एकी. एर्दोगान यांनी तेलाच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद करण्याची धमकी दिली. सीमेवर रणगाड्यांचे सराव सुरू झाले. 29 सप्टेंबरपासून बगदादने इर्बिल आणि सुलेमानिया या कुर्द शहरांची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, ती जवळजवळ साडेपाच महिने. आणि ज्या पेशमर्गांनी, म्हणजे इराकी कुर्दांच्या फौजेने, आयसिसला अडवलं म्हणून अख्ख्या जगाने पाठ थोपटली होती, त्यांच्यासाठी अमेरिकेने बोटही उचललं नाही. 16 ऑक्टोबरला इराकी फौजा किर्कुकमध्ये शिरल्या. त्याच किर्कुकमधून 2014 मध्ये आयसिसला घाबरून इराकी सैन्य पळालं होतं आणि शहर कुर्दांनी राखलं होतं!

ऐन दिवाळीच्या तोंडावरचे दिवस ते. आमचा वरचा मुलगा जिन्यात भेटला. मी फराळाचं ताट पुढे केलं, त्याने घेतलं, थँक्यू म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला. मला काय बोलावं सुचेना. पेढे वाटून महिनाही झाला नव्हता.

आता ‘वेळ चुकली’ म्हणणारे येतील. मला खरंच सांगा, बरोबर वेळ कधी होती? पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या सेव्रच्या तहात कुर्दांना स्वतंत्र होण्याची वाट ठेवली होती. 1923 च्या लोझानच्या तहात त्यांचं नावसुद्धा उरलं नाही. 1946 मध्ये इराणात महाबादचं प्रजासत्ताक उभं राहिलं, वर्षही टिकलं नाही आणि त्याचे अध्यक्ष काझी मुहम्मद यांना भर चौकात फाशी दिली. 1975 मध्ये अल्जीयर्सला इराणचा शहा आणि इराकचा सद्दाम यांनी हात मिळवले आणि शहाच्या भरवशावर लढणारे इराकी कुर्द काही दिवसांत उघडे पडले. 16 मार्च 1988 ला सद्दामने इराकमधल्याच हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला, सुमारे 5000 माणसं गेली. त्या मुलाची आई हलब्जाची. तेव्हा शाळकरी होती, घरच्यांबरोबर डोंगर ओलांडून इराणात गेली म्हणून वाचली. हे त्याने एकदाच सांगितलं, गच्चीत कपडे वाळत घालताना, मान वर न करता.

आणि ‘त्याच देशात राहून हक्क मागा’ म्हणणाऱ्यांनी तुर्कस्तानातल्या कुर्द खासदार लेला झाना यांचं काय झालं ते बघावं. 1991 मध्ये तुर्की संसदेत शपथ घेताना त्या कुर्दीत एक वाक्य बोलल्या. तेही तुर्क आणि कुर्दांच्या बंधुभावाचं. 1994 मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं, दहा वर्षं. सीरियात 1962 मध्ये एका दिवसात जनगणना उरकली आणि सव्वा लाखाच्या आसपास कुर्दांचं नागरिकत्वच काढून घेतलं. हक्क मागायला आधी कागदावर माणूस तरी असावा लागतो.

कुर्द नेते धुतल्या तांदळासारखे नाहीत, मान्य. सार्वमत घेणारे इराकी कुर्दांचे तेव्हाचे अध्यक्ष बारझानी, त्यांची मुदत केव्हाच संपली होती आणि दोन घराण्यांनी सगळी सत्ता वाटून घेतलीय. नव्वदच्या दशकात तर हे आपसात लढले, 1996 मध्ये बारझानींनी सद्दामच्या फौजांना इर्बिलमध्ये बोलावलं. किर्कुकमध्येही एका गटाचे पेशमर्गा न लढता मागे सरले. शिवाय तिथल्या तुर्कमेन आणि अरबांना हे सार्वमत नको होतं, त्यांचंही म्हणणं आहे. ठीक. पण नेते वाईट म्हणून लोकांचा हक्क जातो, हे गणित कुर्दांनाच का लावायचं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आता आमच्या वरच्या मुलाच्या भावाचं लग्न आठवतंय. त्यासाठी त्याने तिकीट काढून ठेवलं होतं, ते विमानबंदीत गेलं. बगदादवरून जा, असं सगळ्यांनी सुचवलं. त्याच्या घरच्यांनी त्या रस्त्याने येऊ नको म्हणून निक्षून सांगितलं. मग लग्न आमच्या हॉलमध्ये बघितलं, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून. शेजारी माझ्या सासूबाई. तिकडे बायका-पुरुष हाताला हात धरून लांबच लांब रांगेत नाचत होते, पुढचा माणूस रुमाल फिरवत होता. सासूबाईंनी विचारलं, ‘अरे, नवरी कुठली यातली?’ त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, ‘ही, आजी.’ त्यांनी फोनवरूनच बोटं मोडून तिची दृष्ट काढली. तो इतका हसला, आणि मग उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आलाच नाही. एका आईच्या पोराला सख्ख्या भावाच्या लग्नाला जाता आलं नाही, कारण त्याच्या लोकांनी कागदावर ‘हो’ लिहिलं होतं. व्यवहार्य नाही म्हणे!

मला माहितीये, खाली कुणीतरी विचारणार, ‘उद्या आपल्याकडे कुणी असं मागितलं तर?’ प्रश्न अवघड आहे आणि माझ्याकडे त्याचं झटपट उत्तर नाही. पण ज्यांच्यावर स्वतःच्या सरकारने विषारी वायू सोडला, त्यांना उत्तर देताना आपल्या भीतीच्या आड लपू नका, एवढंच म्हणणं आहे.

तुर्कस्तानातल्या कुर्दांच्या पीकेके या सशस्त्र संघटनेने 1984 पासून बंदुकीने मागितलं. त्यात हजारो निरपराध माणसं मेली, त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही. इराकमधल्या कुर्दांनी रांगेत उभं राहून शाई लावून मागितलं, तर त्यांची विमानं बंद झाली. 2025 च्या जुलैमध्ये सुलेमानियाजवळ पीकेकेच्या लोकांनी आपल्या बंदुका जाळल्याही. आता बंदूक नको, मत नको, संसदेत कुर्दी वाक्य नको. मग या माणसांनी मागायचं कसं, ते आज मान हलवणाऱ्यांपैकी कुणीतरी इथे लिहा. चौघांचा विरोध आहे, हे सोडून दुसरं काहीही लिहा, मी वाचेन.